वाकड्या मानेचा पाहुणा

लातुरात कुठलीही वस्तू घरात आणायची म्हटली की पहिला प्रश्न किमतीचा नसतो, ‘याला पाणी किती लागतं’ हा असतो. कूलर घेताना तो विचारतात, वॉशिंग मशीन घेताना विचारतात, आणि भाडेकरू ठेवताना तर माणसं किती नि अंघोळी किती हे कळल्याशिवाय चावी हातात पडत नाही. सोयरीक जमवताना मुलीकडचे नोकरी बघतात, शेती बघतात, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता बोअरला किती फुटांवर पाणी आहे तेही काढून घेतात. ज्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही अशा दोनच गोष्टी या भागात उरल्या आहेत: एक ऊस आणि दुसरं कासव. उसाबद्दल बोलायला जाणती मंडळी आहेत (ती बोलत नाहीत, हा भाग वेगळा). कासवाची बाजू मात्र कोणीतरी मांडायला हवी. रंगीत माशांच्या दुकानात काचेआड कासव दिसणं आता नांदेड-लातूरला नवं राहिलेलं नाही, आणि हौशी माणसाची हौस एकदा लाल कानाच्या अमेरिकी कासवापर्यंत गेली की पुढची पायरी आफ्रिकाच असते. त्यातही मोठ्ठं, वाकड्या मानेचं. माझं म्हणणं थोडक्यात असं, की हे कासव पाळायचं नसतं. पाळायचं असतं ते पाणी. कासव त्यात नुसतं राहायला असतं. आणि पाणी पाळणं म्हणजे काय, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको.

आधी पाहुण्याची ओळख. आपल्या तळ्यातलं किंवा विहिरीतलं कासव घाबरलं की मान सरळ आत ओढतं. मानेचे मणके आतल्या आत मुडपतात आणि डोकं उंबऱ्याच्या आत जातं. आफ्रिकेतलं हे कासव मान आत घेतच नाही. ते ती कडेला दुमडतं आणि वरच्या नि खालच्या कवचामधल्या फटीत, पुढच्या पायाशी टेकवून ठेवतं. लग्नाच्या मांडवात उधारीवाला दुकानदार दिसला की माणूस खांबाकडे तोंड करून उभा राहतो ना, तसं. डोकं पूर्ण झाकलं जात नाहीच. एक डोळा बाहेर राहतो आणि तो सगळं बघत असतो. गीतेत स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. अवयव आत ओढून घ्यावेत तशी इंद्रियं विषयांपासून आवरून घेणारा तो स्थितप्रज्ञ. ती उपमा आपल्या सरळ मानेच्या कासवावरून सुचली असणार. आफ्रिकेतलं कासव समोर असतं तर स्थितप्रज्ञाची व्याख्या थोडी सैल झाली असती: इंद्रियं आवरलेला, पण एका डोळ्याने आजूबाजूला काय चाललंय ते बघणारा. असे स्थितप्रज्ञ आपल्या गल्लीतही पाच-सहा निघतील.

या जातकुळीत मुख्य दोन घराणी आहेत, पेलोमेडुसा आणि पेलुसिओस. पेलुसिओसच्या पोटाकडच्या कवचाला पुढे बिजागरी असते. धोका दिसला की पुढचं दार लावून ते आत बसतं. पेलोमेडुसाला दार नाही, पण त्याच्याकडे दुसरी सोय आहे: चिडलं की अंगातून असा वास सोडतं की दाराची गरज पडू नये. पाठीवर उलटं पडलं तर लांब, ताकदवान मानेचा टेकू लावून पुन्हा पालथं होतं. सगळ्यांत मोठं पेलुसिओस सिनुआटस. त्याचं कवच पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत भरतं, म्हणजे भाकरीचं पीठ मळायच्या काठवटीएवढं. दुकानात मात्र ते ग्लुकोज बिस्किटाएवढं असतं, आणि विकणारा शपथेवर सांगतो, ‘एवढंच राहतं साहेब, टाकीच्या मापानं वाढतं.’ हे वाक्य जगभरच्या दुकानांत बोललं जातं आणि जगभर खोटं आहे. लहान टाकीत कासव लहान राहत नाही, आजारी राहतं. एका खोलीच्या घरात वाढलेली लेकरं बुटकी निघत नाहीत हे ज्याला दिसतं, तोही कासवाच्या बाबतीत या शास्त्रावर कसा विश्वास ठेवतो हे कोडं आहे.

पहिली हरकत संस्कृतीवाल्यांची येते: परदेशी जनावर कशाला, आपली देवणी गाय काय वाईट आहे? देवणी उत्तमच आहे. लाल कंधारीही आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यापासून गाढवापर्यंत सगळ्यांचा बाजार भरतो, तेव्हा या भागाला जनावराची पारख कोणी शिकवायला नको. पण परदेशीपणाची हरकत टिकत नाही. वाकड्या मानेची कासवं ही महाराष्ट्राची जुनी रहिवासी आहेत, फक्त सात-बारावर नाव राहिलेलं नाही. मुंबईच्या वरळीत लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात अशा कासवाचे अवशेष सापडले आणि १८५२ मध्ये कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूगर्भाविषयी लिहिताना त्यांचं वर्णन केलं. नाव दिलं डॉ. लीथ यांचं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. डायनासोरच्या दगड झालेल्या शेणासाठी ते जगाच्या विज्ञानात प्रसिद्ध आहे (गावाचं नाव कशाने निघेल याचा नेम नसतो). त्याच पिसदुऱ्याच्या मातीतून निघालेल्या वाकड्या मानेच्या कासवाची नोंद १९७७ मध्ये सोहनलाल जैन यांनी केली. तमिळनाडूत कल्लामेडूला सापडलेल्या अशाच एकाला २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी थेट कूर्मावतारावरून नाव दिलं, कुर्माडेमिस. त्याचे जवळचे भाऊबंद मादागास्करला निघाले, कारण आपला भूखंड आणि मादागास्कर पूर्वी एकाच वाड्यात राहत होते. वाटणी नंतर झाली.

मग ही मंडळी गेली कुठे? त्याचं अर्धं उत्तर लातूरच्या पायाखाली आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा वाहू लागला. एक थर यायचा, थंड व्हायचा, त्याच्या खोलगट भागात पाणी साचून तळी व्हायची, तळ्यात बेडूक, मासे, कासवं नांदायची आणि वरून पुढचा थर यायचा. पुनर्वसन ही कल्पना तेव्हाही नव्हती. आज भारतातल्या एकाही नदीत, तळ्यात वाकड्या मानेचं कासव नाही. उरला आहे तो काळा पाषाण. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला निदान ग्रॅनाइटचा थोडा बदल आहे, लातूरला तोही नाही. १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल छिद्र पाडून पाहिलं, तेव्हा या काळ्या दगडाची जाडी तिथे तीनशे मीटरच्या वर भरली. आणि गंमत इथेच आहे. हा दगड पाणी साठवत नाही. भेगा असतील, वरचा थर झिजून मुरूम झाला असेल, तर तेवढ्यात थोडं पाणी राहतं. बाकी नुसता पत्थर. म्हणून तर लातूरचा माणूस सातशे-आठशे फूट बोअर मारतो आणि वर येते ती धूळ. ज्या लाव्ह्याने वाकड्या मानेच्या कासवांची तळी गाडली, त्याच लाव्ह्याने आपल्या बोअरचं पाणी तोडलं. आता त्याच दगडावर घर बांधून, त्या घराच्या हॉलमध्ये, काचेच्या टाकीत आफ्रिकेहून आलेला त्यांचा चुलतभाऊ ठेवायचा. हरकत तो परका आहे म्हणून नाही. ज्या कारणाने इथे त्यांची तळी उरली नाहीत, ते कारण अजून जमिनीखाली तसंच पसरलेलं आहे.

आता हिशेब करू. पाणकासवं पाळणारे जुने लोक ढोबळ माप सांगतात: कवचाच्या दर इंचाला दहा गॅलन पाणी. एक फुटाचं कासव धरलं (मोठ्यांतलं मध्यम) तर एकशेवीस गॅलन, म्हणजे साडेचारशे लिटर. वीस लिटरचे बावीस-तेवीस जार. गच्चीवर पाचशे लिटरची काळी टाकी असते ती तशीच उचलून दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी ठेवलीय असं समजा. नुसतं पाणीच साडेचारशे किलो. काच, दगड आणि लोखंडी स्टँड वेगळा. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एकदा स्लॅब टाकणाऱ्या गवंड्याला आठवावं. कासव काही माशासारखं नाजूक खात नाही. ते गोगलगाय, मासळी, किडे असलं मांसाहारी जेवण जेवतं आणि जेवल्या पाण्यातच बाकीचं सगळं उरकतं. फिल्टर कितीही चांगला असला तरी आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावं लागतं. म्हणजे दर रविवारी दीडशे लिटर. एका माणसाने पाइपचं टोक तोंडात धरून पाणी ओढायचं, वेळेत तोंड काढायचं (हे कौशल्य पहिल्याच रविवारी, चवीसकट, येतं), बादली भरली की दुसरी सरकवायची, आणि टाकीतल्या प्राण्याने तोवर कोपऱ्यात मान वाकडी करून एका डोळ्याने हा कारभार बघायचा. वर्षाला सात हजार आठशे लिटर. नीट सांभाळलेलं हे कासव तीस-चाळीस वर्षं सहज जगतं. चाळीस धरू: तीन लाख बारा हजार लिटर. लातूरला पाण्याची पहिली रेल्वे १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून आली तेव्हा दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. त्यातले सहा डबे पूर्ण आणि सातव्यातलं थोडं, एवढं एका कासवाच्या जन्माला लागतं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आलेली, जिच्या स्वागताला अख्खं राज्य डोळे लावून बसलं होतं अशी गाडी. तिचे सहा डबे एका वाकड्या मानेसाठी.

इथे चाणाक्ष वाचक हात वर करतो, आणि त्याची हरकत सगळ्यांत जड आहे. तो म्हणतो, साहेब, एक किलो साखरेमागे शेतात दोन हजार लिटरच्या घरात पाणी जातं असं सगळेच सांगतात. मग तुमच्या तीन लाख बारा हजार लिटरांची साखर झाली किती? दीडशे किलोच्या जरा वर. तीन पोती! चाळीस वर्षांच्या कासवावर तुम्ही तीन पोती साखरेसाठी लेख लिहिताय, आणि मांजरा-तेरणाच्या खोऱ्यातल्या कारखान्यांत एका तासात याहून जास्त पोती शिवली जातात. गणित बरोबर आहे. कासवाच्या बाजूने बोलायचं तर त्याने कधी सवलतीचं कर्ज घेतलं नाही, कधी एफआरपीच्या दरासाठी रस्ता अडवला नाही. पण या हरकतीत एक खोच राहून जाते. पाण्याचा हिशेब वर्षाच्या बेरजेने होत नाही, वाईट आठवड्याने होतो. धरणात पाणी नसलं तर ऊस लावत नाहीत. उभा असला तर वाळतो, नाहीतर छावणीवर चाऱ्याला जातो. शेतकरी बुडतो, पण उसाची तक्रार येत नाही. कासवाला मात्र ‘यंदा लागण करू नका’ असं सांगता येत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांवर भांडणं होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदी लावावी लागली होती. तशा आठवड्यातही रविवार येतोच. टँकरखाली तासभर उभं राहून भरलेली घागर घेऊन घरी यायचं आणि ती आधी कोणाला द्यायची, हा प्रश्न सासूबाईंसमोर मांडून बघा. उत्तर सातशे फुटांपर्यंत ऐकू जाईल.

काही जण यावर तोड काढतात: टाकीतलं काढलेलं पाणी झाडांना घालायचं. ही तोड चांगली आहे, मी तिच्यापुढे मान वाकवतो (कडेला नव्हे, सरळ). कासवाचं पाणी म्हणजे पातळ खतच. जास्वंद आणि कढीपत्ता त्यावर खूश असतात. पण ही सोय पाणी बाहेर जाण्याची आहे. पाणी आत येण्याची नाही.

दुसरी तोड अधिक हुशारीची आहे, आणि ती कासवाचीच आहे. आफ्रिकेतही दुष्काळ पडतो. डबकी आटली की पेलोमेडुसा चिखलात शिरतं, वरून चिखल वाळून खडखडीत होतो, आणि आत हे महिनोन्महिने न खाता-पिता पडून राहतं. पाऊस पडला की भिजल्या मातीतून वर येतं. कासवाची चाल संथ म्हणून आपण हसतो, पण दुष्काळाचं नियोजन म्हणाल तर ते कुठल्याही टंचाई आराखड्याहून सरस आहे: ना टँकर, ना विहीर अधिग्रहण, ना पंचनामा. मग हेच तर लातूरला हवं तसं जनावर, असं कोणी म्हणालं तर चूक नाही. चूक काचेची आहे. टाकीत चिखल नसतो, पांढरी वाळू नि प्लास्टिकचा किल्ला असतो. पाणी आटलं तर ते शिरणार कुठे? किल्ल्यात? ज्या प्राण्याला दुष्काळ काढायची कला जन्मतः येते, त्याची ती कला काढून घ्यायची आणि त्याला आपल्यासारखं नळाची वाट बघत बसवायचं, असा हा उपक्रम आहे. त्यात मोठं सिनुआटस नद्या-तलावांच्या कायमच्या पाण्यातलं. त्याच्याकडून एवढ्या काटकसरीची अपेक्षाही ठेवता येत नाही. शेततळ्यात सोडावं म्हणाल तर मराठवाड्यातल्या कितीतरी शेततळ्यांना प्लास्टिकचं अस्तर असतं. चिखल तिथेही नाही, आणि त्या घसरड्या उतारावरून वर यायला बोका धडपडतो, तिथे कासवाचं काय!

मग राहते श्रद्धेची बाजू. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते असं वास्तूवाले सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवायला माझी ना नाही, कारण त्यांचं कासव पितळेचं किंवा काचेचं असतं आणि ते ताटलीभर पाण्यात ठेवायचं असतं. ताटलीभर! या एका बाबतीत वास्तुशास्त्र पूर्णपणे मराठवाड्याच्या बाजूने आहे. संतांच्या ओव्या-अभंगांत कासवी पैलतीरावरून नुसत्या नजरेने पिलांना पोसते. कूर्मदृष्टी म्हणतात ती हीच. कृपेची उपमा म्हणून ती अजोड आहे, पण पाळण्याच्या सूचना म्हणून तिचा उपयोग नाही. खरी कासवी अंडी मातीत पुरते आणि निघून जाते. पिलांकडे बघतही नाही. आणि विकत घेतलेलं पिलू नुसत्या प्रेमळ नजरेवर जगत नाही. त्याला कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला अतिनील किरणं लागतात. मराठवाड्यात उन्हाला काय तोटा, असं वाटेल. पण साधी काच नेमके तेवढेच किरण अडवते. खिडकीतून टाकीवर पडलेलं ऊन बघून मालक समाधानी होतो आणि आत कवच मऊ पडत जातं. म्हणून टाकी गच्चीवर नेली, तर मे महिन्यातल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तासाभरात कासवाचा रस्सा होतो. शेवटी विजेचा खास दिवा आणावा लागतो, तो रोज दहा-बारा तास लावावा लागतो, आणि उजेड दिसत असला तरी वर्षा-सहा महिन्यांनी बदलावा लागतो, कारण त्याच्यातले किरण आधी संपतात नि उजेड नंतर. फिल्टर चोवीस तास, डिसेंबर-जानेवारीत हीटर. लोडशेडिंगला इन्व्हर्टर. घरातल्या मुलाला अभ्यासाला जेवढी वीज लागते त्याहून जास्त कासवाला लागते, आणि मुलगा निदान परीक्षेला बसतो.

मुलावरून आठवलं. ‘लेकराला हौस आहे’ हे कासव आणण्याचं सर्वांत मोठं कारण, आणि सर्वांत कच्चं. लेकरू सातवीत असताना हट्ट धरतं. दहावीला टाकी आई-वडिलांकडे येते. अकरावीपासून क्लासांचा लातूर पॅटर्न सुरू होतो, मग घरात मुलाची चाहूलही लागत नाही. तो क्लासला, नाहीतर टेस्टला, नाहीतर झोपलेला. ‘नीट’ परीक्षा लागली तर मुलगा एमबीबीएसला दुसऱ्या गावी, नाही लागली तर पुन्हा एकदा लातूरलाच, पण त्या वर्षी कासवाचं नाव काढायची कोणाची छाती नसते. मग पदव्युत्तर, मग लग्न, मग पुणे नाहीतर परदेश. कासव तिथेच. बारा वर्षांच्या मुलाने आणलेलं कासव तो बावन्न वर्षांचा होईपर्यंत जगू शकतं, आणि त्यातली चौतीस-पस्तीस वर्षं त्याचे वडील पाइप तोंडात धरून रविवारी पाणी ओढतात. प्राणी पाळल्याने मुलांना जबाबदारी कळते हे खरं. या प्राण्याने ती वडिलांना कळते. वाटणीपत्रात शेत, घर, सोनं लिहितात; कासव कोणाच्या वाट्याला जाणार हे लिहिलेलं वाटणीपत्र पाहण्यात नाही. ते भुंकत नाही, चावा घेतलाच तर बोटाचा घेतं एवढंच, असंही काही जण समर्थन करतात. खरंच आहे, भुंकत नाही. पण कुत्र्याच्या भुंकण्याने निदान कळतं की त्याला काहीतरी हवंय. कासवाला न्यूमोनिया झाला की ते पाण्यात तिरकं तरंगतं, आणि घरचे म्हणतात, बघा कसं मजेत पोहतंय.

एवढं सगळं कळल्यावर बहुतेक जण जो मार्ग काढतात तो भाविकही असतो आणि सोपाही: संध्याकाळी प्लास्टिकच्या बादलीत घालून न्यायचं आणि नांदेडला गोवर्धन घाटावर नाहीतर विष्णुपुरीच्या धरणावर गोदामाईच्या स्वाधीन करायचं. जिवंत प्राणी सोडल्याचं पुण्य, शिवाय टाकी विकून आलेले पैसे. माझा सगळा युक्तिवाद इथे उलटा फिरतो, हे मान्य करतो. आतापर्यंत मी म्हणत होतो की हे कासव आपल्या घराला झेपत नाही. आता म्हणतोय की ते आपल्या नदीला फारच झेपेल. डबकं आटलं की चिखलात दडी मारणारं, मिळेल ते खाणारं, बेडूक-मासळीपासून दुसऱ्यांच्या पिलांपर्यंत काहीही न सोडणारं जनावर मराठवाड्यात टिकणार नाही असं कोणाला वाटतं? लाल कानाच्या अमेरिकी कासवांनी हेच जगभर केलं. लोकांनी हौसेने घेतली, कंटाळून सोडली, आणि त्यांनी तिथल्या कासवांच्या ऊन खायच्या जागा नि खाणं बळकावलं; युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्यांची आयात थांबवली तोवर तळी भरून गेली होती. गोदावरीच्या खोऱ्यात मऊ पाठीचं लीथ कासव राहतं. नाव तेच, लीथ, वरळीच्या दगडातल्या कासवाला दिलेलं. एका लीथला लाव्ह्याने गाडलं. दुसरं लीथ वाळूउपसा आणि चोरटी शिकार यांतून कसंबसं तगून आहे. त्याच्या पाण्यात त्याच्या दगडातल्या नावबंधूचा आफ्रिकी चुलतभाऊ आणून सोडणं हे इतिहासाचं वर्तुळ पुरं करणं नव्हे, भाऊबंदकी लावणं आहे.

‘मग देशी कासव पाळतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी कायदा स्पष्ट आहे. तळ्यातलं साधं मऊ पाठीचं कासव असो की पाठीवर चांदण्या असलेलं, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, लक्ष्मी येवो न येवो. परदेशी प्राण्यांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीतल्या जाती कोणाकडे असतील तर त्यांची ऑनलाइन नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आले. तेव्हा दुकानदार ‘बिल मागू नका, पण माल अस्सल आहे’ म्हणाला, तर माल अस्सल आहे की नाही यापेक्षा तो कोणत्या यादीत आहे ते विचारावं. उत्तर आलं नाही तर खिशातलं पाकीट पुन्हा खिशात ठेवावं. पाकिटाला पाणी लागत नाही.

ज्यांना कासवाची खरोखर ओढ आहे त्यांना महादेवाच्या देवळात, सभामंडपाच्या फरशीवर कोरलेलं दगडी कासव आहे. त्याच काळ्या पाषाणाचं, शेकडो वर्षांचं, अभिषेकातलं जेवढं अंगावर येईल तेवढ्यावर भागणारं. आणि ज्यांच्या घरी आफ्रिकेचा पाहुणा आधीच येऊन बसला आहे, त्यांनी त्याला राहू द्यावं, टाकी मोठी करावी, रविवारचं पाणी जास्वंदीला घालावं, पण बादली घेऊन गोदावरीकडे जाऊ नये. अगदीच जमेनासं झालं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, आणि गोवर्धन घाटापर्यंतच्या रिक्षापेक्षा नक्की स्वस्त पडतो.